तिसरा रकाना

माझ्याकडे येणारा माणूस बहुधा तीन गोष्टी घेऊन येतो. एक, लग्नातला फोटो. दोन, यंत्राकडून लिहून घेतलेला स्वतःचा परिचय. तीन, एखादा नातेवाईक, जो त्याच्यापेक्षा जास्त बोलतो. पहिल्या दोन गोष्टी मी टेबलाच्या डाव्या कडेला ठेवते. नातेवाइकाला खुर्ची देते, तीही डाव्या कडेलाच.

माझं काम सांगायला सोपं आहे. नोकरी शोधणाऱ्या माणसाची इंटरनेटवरची ओळख, म्हणजे सगळे ज्याला प्रोफाइल म्हणतात ते, मी त्याच्याबरोबर बसून लिहिते. हैदराबादेत तारनाक्याच्या आमच्या घराची पुढची खोली हे माझं ऑफिस. त्याआधी बावीस वर्षं मी आबिड्समधल्या एका नोकरभरतीच्या एजन्सीत होते. तेव्हा माणसं टाइप केलेला बायोडेटा आणायची. त्यात वडिलांचं नाव, उंची, रंग आणि क्वचित गोत्रही असायचं, कारण घरात एकच बायोडेटा केलेला असे आणि तो दोन्हीकडे फिरत असे. एका मुलाच्या अर्जात 'अपेक्षा' या मथळ्याखाली 'मुलगी गृहकृत्यदक्ष असावी' असं मी स्वतः वाचलेलं आहे. त्याला आम्ही स्टोअरकीपर म्हणून लावून दिलं. काम चांगलं केलं त्यानं.

आता तुम्ही अर्ज करण्याआधीच समोरचा तुम्हाला शोधून बघतो. वर नाव आणि फोटो, खाली दोन ओळींत तुम्ही कोण, मग कुठे काय केलं, आणि शेवटी शिफारशी, म्हणजे तुमच्याबरोबर काम केलेल्यांनी तुमच्याविषयी लिहिलेले चार शब्द. बघणारा हे सगळं चहा पिता पिता बघतो. त्याचा चहा संपायच्या आत, हा खराच कोणी माणूस आहे, असं त्याला वाटलं पाहिजे. एवढंच करायचं असतं, आणि लोकांना नेमकं तेवढंच जड जातं.

एका गृहस्थांनी स्वतःच्या लग्नातला फोटो कापून लावला होता. मुंडावळ्या पुसायचा प्रयत्न केला होता, पण कानांच्या बाजूला दोन पांढरे ओघळ उरले होते आणि खांद्यावर एक हात होता. हात कोणाचा, मी विचारलं. "सासऱ्यांचा," ते म्हणाले. "कामावर तेही येणार का?" दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला.

यंत्राकडून लिहून घेतलेल्या परिचयाची तर वेगळीच मजा. एकाच आठवड्यात माझ्याकडे वाचनालयातला एक लिपिक, दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देणारी एक मुलगी आणि लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण असे तिघं आले. तिघंही 'बदलत्या जगात नावीन्याचा ध्यास घेतलेले' होते. लिफ्टवाल्याला म्हटलं, "बाबा, लिफ्टमध्ये नावीन्य नको. वर गेलेली खाली आली म्हणजे पुरे." तो हसला आणि मग त्यानं मला बंद पडलेल्या लिफ्टमधून एका गरोदर बाईला कसं शांत ठेवून बाहेर काढलं ते सांगितलं. ते त्याच्या परिचयात कुठेच नव्हतं.

यासाठी माझी वही आहे. प्रत्येकाला दोन पानं, पानावर तीन रकाने. पहिल्यात 'म्हणणं काय', दुसऱ्यात 'केलं काय', तिसऱ्यात 'कोण सांगेल'. तिसऱ्या रकान्यात माणसाचं नाव आणि फोन हवा. तो रिकामा राहिला तर ती ओळ प्रोफाइलवर जात नाही. आणि तिथे नातेवाईक चालत नाही. ज्याच्या घरच्या पंगतीत तुम्ही जेवलात तो साक्षीदार नाही. हैदराबादच्या मराठी मंडळींना हा नियम फार जाचतो, कारण आमच्यात कोण कोणाच्या पंगतीत जेवलेलं नाही, हे शोधावंच लागतं.

आधी रकाने दोनच होते. शर्वरी नावाची एक मुलगी आली, बुजरी, हुशार. एका कंपनीत पाच जणींबरोबर बसून तक्रारींची उत्तरं द्यायची. मी तिच्या प्रोफाइलवर 'सहा जणांच्या गटाचं नेतृत्व' असं लिहिलं. शब्द भारदस्त होता आणि मला तो शोभून दिसला. मुलाखतीत तिला विचारलं, त्या सहांपैकी सर्वांत कच्ची कोण होती आणि तिच्यासाठी तुम्ही काय केलंत? तिला एक शब्द सुचला नाही. बाहेर येऊन तिनं मला फोन केला. रडली नाही, रागावली नाही. "मावशी, तो शब्द माझा नव्हता," एवढंच म्हणाली. त्या संध्याकाळी मी पट्टी घेऊन वहीत तिसरी रेघ मारली. शर्वरी परत माझ्याकडे आली नाही.

आता मुकुंदचं सांगते.

मुकुंद सेहेचाळीस वर्षांचे. सिकंदराबादच्या एका औषध वितरकाच्या गोदामात एकोणीस वर्षं होते. काम थंड औषधांचं, म्हणजे इन्सुलिन, लसी वगैरे थंड डब्यांत भरून दवाखान्यांना पाठवायचं. मालक वारले, मुलानं धंदा बंद केला. आठ महिने मुकुंद घरी होते. पुण्याच्या मेहुण्यानं आपल्या दुकानात जागा ठेवली होती आणि दसऱ्यापर्यंत कळव म्हणून सांगितलं होतं. मुकुंदच्या आईला हैदराबाद सोडायचं नव्हतं. मुकुंदनाही नव्हतं.

"पुण्यात काय वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट काही नाही हो ताई. पण तिथं मी तोंड उघडलं की मेहुणा माझं मराठी दुरुस्त करतो. माझं वाक्य शुद्ध होईपर्यंत साबण मागायला आलेलं गिऱ्हाईक निघून जायचं."

शहराबाहेर एक नवं मोठं औषधांचं गोदाम उघडत होतं आणि त्यांना थंड मालाचा प्रमुख हवा होता. जागा एकच. ती नाही मिळाली तर पुणे. मुकुंदचं सगळं त्या एका जागेवर येऊन थांबलं होतं.

मी वही उघडली. "भाषा कोणत्या?"

"इंग्लिश, हिंदी."

"आणि मराठी?"

"ती घरात बोलतो ना."

"तेलुगू?"

"ती हमालांशी."

"उर्दू?"

"ती कुठं भाषा आहे ताई, ते तर आपलं नुसतं बोलणं."

पाच भाषांत एकोणीस वर्षं गोदाम चालवलेला माणूस दोनच लिहून मोकळा. मी पाचही लिहिल्या. मग त्यांचं आधीचं प्रोफाइल उघडलं आणि शिफारशींवर आले.

तेवीस शिफारशी होत्या. तेवीसही एकसारख्या. 'श्री. मुकुंद यांना मी व्यक्तिशः ओळखतो. माझ्या माहितीप्रमाणे त्यांचे चारित्र्य उत्तम असून त्यांच्यावर कोणताही गुन्हा दाखल नाही.' लिहिणाऱ्या अठरा जणांचं आडनाव मुकुंदचंच. एका पुतण्यानं खाली आलेली सूचनाही तशीच चिकटवली होती: 'सर्वांनी वरील मजकूर जसाच्या तसा टाकावा. फेरफार करू नये. अप्पा.' एका आत्यानं, संधी मिळालीच आहे तर, शेवटी वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या होत्या.

"हे अप्पा कोण?"

मुकुंदनी डावीकडे बघितलं. डावीकडच्या खुर्चीत अप्पाकाका बसले होते. मुकुंदचे चुलते, ऐंशीच्या घरातले, कडक इस्त्रीचा बुशकोट, खिशाला दोन पेनं. सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत त्यांची सगळी नोकरी सेवापुस्तकं सांभाळण्यात गेली. सेवापुस्तक म्हणजे सरकारी नोकराची रुजू झाल्यापासून निवृत्त होईपर्यंतची नोंदवही, प्रत्येक नोंदीखाली साहेबाची सही. त्यांच्या वडिलांचं दफ्तर उर्दूत चालायचं, त्यामुळे घरात अजून फाइलला मिसल आणि सहीला दस्तखत म्हणतात.

"मसुदा माझा," अप्पाकाका म्हणाले. "घरच्या ग्रुपवर टाकला. दोन तासांत सगळ्यांनी तामिली केली."

"अप्पा, तेवीस जण सांगतात की ह्यांच्यावर गुन्हा दाखल नाही. वाचणाऱ्याला पहिली शंका तीच येणार."

मुकुंद खाली बघून हसले, पण लगेच आवरलं. या शिफारशी आपोआप दिसत नाहीत, ज्याच्याविषयी लिहिलंय त्यानं त्या स्वीकाराव्या लागतात, आणि मुकुंदनी तेवीसही स्वीकारल्या होत्या. "मोठ्यांनी पाठवलेलं नाकारू कसं?" ते म्हणाले. आता काढायलाही तयार नव्हते. अप्पांचा मान होता.

मी खुर्ची अप्पाकाकांकडे वळवली. "अप्पा, एक सांगा. तुमच्या शाखेत पुतण्याच्या सेवापुस्तकावर चुलत्याची सही चालायची?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुळीच नाही."

"मग?"

"काढ सगळ्या," ते मुकुंदना म्हणाले. "आत्याबाईंची पण काढ."

आता त्यांना काही तरी काम द्यायला हवं होतं, नाही तर त्यांनी दुसरा मसुदा केला असता. मी तिसरा रकाना समजावून सांगितला आणि तो भरून तपासायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वही हातात घेऊन त्यांनी मागची पानं चाळली, इतरांची नावं झाकून, तेवढा त्यांचा रिवाज होता.

"खाडाखोड फार आहे, वसुधाबाई. आमच्याकडे खोडलं तर शेजारी दस्तखत लागायचं. कोणी खोडलं ते कळायला नको?"

"ही माझी खासगी वही आहे, अप्पा."

"सेवापुस्तकही कपाटातच असायचं," ते म्हणाले आणि वही परत दिली.

दुसरा रकाना भरायला तीन बैठका लागल्या. मुकुंद म्हणायचे, "विशेष काही नाही, माल यायचा, माल जायचा." मी विचारायची, मग तुम्ही सुट्टीवर गेलात की काय बिघडायचं? हा माझा हुकमी प्रश्न आहे. माणूस आपण काय करतो ते सांगू शकत नाही, पण आपल्यामागे काय बिघडतं ते बरोब्बर सांगतो.

मुकुंद विचार करून म्हणाले, "सुट्टीवर जाताना मी पोरांना सांगून जायचो की पॅक कानाशी हलवा. ते हलवायचे नाहीत."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. थंड डब्यात औषधाभोवती बर्फाचे पॅक ठेवतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, जितकं थंड तितकं चांगलं. पण इन्सुलिन गोठलं की ते वाया गेलं, आणि बरेचदा बाटलीकडे बघून ते ओळखूही येत नाही. म्हणून फ्रीझरमधून काढलेला पॅक थेट डब्यात घालायचा नाही. तो बाहेर ठेवायचा, त्याला घाम फुटू द्यायचा आणि कानाशी नेऊन हलवायचा. आत पाणी खळखळलं की मग डब्यात.

"ही सवय कुठे लागली?"

"माझ्या हातून एकदा माल गेला आहे, ताई."

नोकरीचं तिसरं वर्ष. मे महिना, गाडी खोळंबलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. उन्हाची भीती म्हणून मुकुंदनी कडक गोठलेले पॅक तसेच डब्यांत भरले. गाडी गेल्यावर अर्ध्या तासानं त्यांच्या लक्षात आलं. फोन करून गाडी अर्ध्या रस्त्यातून परत बोलावली. डबे उघडले तर कडेच्या बाटल्या गोठलेल्या. मधल्या दिसायला बऱ्या होत्या. मुकुंद मालकांकडे गेले आणि म्हणाले, सगळा लॉट नष्ट करायचा, चूक माझी आहे. कोणी काही विचारायच्या आत.

मी ती सगळी हकिगत दुसऱ्या रकान्यात लिहिली. तिसऱ्यात कोण? मालक वारलेले, त्यांचा मुलगा परदेशी, फोन उचलत नव्हता.

"यूसुफभाई," मुकुंद म्हणाले. "ती गाडी तेच चालवत होते."

फोन अप्पाकाकांनी लावला. स्पीकरवर ठेवला आणि शेजारी कागद घेऊन बसले.

"मुकुंद साब?" पलीकडून आवाज आला. "हौ, अच्छेसे मालूम. उन्नीस साल उनके डब्बे उठाया मैं. बहोत शक्की आदमी, साब. बर्फ का पॅक कान कू लगाके हिलाते थे. हम लोगां हसते थे, साब फोन उठा रै बोल्के."

"आणि एकदा तो माल परत बोलावला होता?" अप्पाकाकांनी विचारलं.

"बुलाए ना. आधे रस्ते से. मैं बोला, साब, ठंडा तो है, जाने दो, किसकू मालूम पडता? बोले, मेरेकू मालूम है ना यूसुफ. बस, गाडी पलटा लिया मैं."

अप्पाकाकांनी हे शब्दशः उतरवून घेतलं, खाली तारीख घातली आणि यूसुफभाईंना विचारलं, कंपनीवाल्यांनी फोन केला तर सांगाल का? "कायकू नै बोलतूं," यूसुफभाई म्हणाले. त्यांचं स्वतःचं कुठे प्रोफाइल नव्हतं, शिफारस लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांचं नाव आणि फोन संदर्भ म्हणून अर्जासोबत दिला. आणखी दोन शिफारशी मिळाल्या, एक दवाखान्याच्या फार्मासिस्ट बाईंची, एक जुन्या सहकाऱ्याची. तेवीसच्या जागी तीन साक्षीदार झाले. अप्पाकाका म्हणाले, आता मिसल दिसायला लागली.

आणि शेवटच्या दिवशी मी माती खाल्ली.

प्रोफाइल लिहून झालं होतं. वर लिहिलं होतं, 'बर्फाचा पॅक कानाशी हलवल्याशिवाय डबा बंद करत नाही.' त्याखाली गोठलेल्या मालाची हकिगत, चार वाक्यांत. अर्ज पाठवायच्या आधी मी पुन्हा वाचलं आणि मला भीती वाटली. जागा एक, दसरा तोंडावर, वाचणारा चहा पिणारा. चहाच्या एका घोटात त्याला 'माल गेला' एवढेच दोन शब्द दिसले तर? मी मुकुंदना म्हटलं, "सवय राहू दे. चूक काढून टाकू."

"पण ताई, सवय चुकीतूनच आली ना."

"मुलाखतीत सांगा वाटलं तर. कागदावर कशाला?"

मोठ्यांचं नाकारायचं नसतं, आणि मी त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. मी वहीतल्या त्या चार वाक्यांवर आडवी रेघ मारली आणि प्रोफाइलवरूनही काढली. खरं लिहा, खरंच लिहा, असं दिवसातून दहा वेळा सांगणारी बाई मी.

मुलाखत झाली त्या दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. गोदामाच्या व्यवस्थापक बाई होत्या, तेलुगू, बोलणं मोजकं; माझा नंबर त्यांनी मुकुंदकडून घेतला होता. त्या म्हणाल्या, तुमच्या माणसाच्या ड्रायव्हरशी आम्ही बोललो. त्यानं परत बोलावलेल्या गाडीची गोष्ट सांगितली. मुलाखतीत विचारलं, हे प्रोफाइलवर का नाही? तर तुमचे मुकुंद म्हणाले, "होतं मॅडम. ताईंनी खोडलं."

मी खुर्चीत बसूनच होते, तरी आणखी थोडी खाली बसले.

"का खोडलंत?" बाईंनी विचारलं.

तिसऱ्या रकान्यासमोर खोटं बोलता येत नाही. "घाबरले," मी म्हटलं.

"आज पाच जण आले. चौघांच्या हातून आजवर कधीच काही बिघडलेलं नाही. असा माणूस थंड मालावर ठेवायला मला भीती वाटते." मग त्या म्हणाल्या, "ड्रायव्हरचा नंबर दिला नसतात तर मी पाचवाही सोडला असता. तुमचं नशीब." आणि फोन ठेवला.

मुकुंदना नोकरी लागली. आधी तीन महिने प्रोबेशनवर, मग कायम. पुण्याला कळवलं तेव्हा मेहुणा म्हणाला, शुद्ध बोलायला शिकायची चांगली संधी घालवलीस. नव्या गोदामात मुकुंद पोरांना रांगेत उभं करून पॅक कानाशी हलवायला लावतात, आणि म्हणे एकानं खरोखरच 'हॅलो' म्हटलं.

नोकरी लागल्यावर आठवड्यानं अप्पाकाका पेढे घेऊन आले. मी चहा ठेवला. ते खुर्चीत बसले, या वेळी उजव्या बाजूच्या, आणि म्हणाले, "वही."

मी दिली. त्यांनी मुकुंदचं पान उघडलं. चार वाक्यं आणि त्यांवरची माझी रेघ.

"हे कोणी खोडलं?"

"तुम्हाला माहीत आहे, अप्पा."

"मला माहीत आहे. पानाला माहीत नाही." त्यांनी खिशातलं एक पेन काढून माझ्यासमोर ठेवलं.

मी रेघेच्या शेजारी सही केली. तारीख विचारावी लागली. त्यांनी सांगितली, मी घातली. ती वाचून बघून त्यांनी वही मिटली आणि मग चहाकडे हात नेला.